साचा आणि कागद

दादांच्या घरी मधल्या खोलीत तुरीची पोती रचलेली असतात. त्यांच्या वर भिंतीत एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला चार वर्षं एक चेहरा टांगलेला होता. पांढऱ्या जाळीचा, डोळे मिटल्यासारखा, नाक-हनुवटी-खांदे सगळं जिथल्या तिथं. सुट्टीत आलेली पोरं तो तोंडाला लावून एकमेकांना भेडवायची, वहिनी ओरडायच्या, मग तो परत खिळ्यावर जायचा. तोंडाच्या कॅन्सरच्या पहिल्या सेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, वेळी दवाखान्यात बनवलेला हा साचा. सेक संपल्यावर काही ठिकाणी तो ठेवून घेतात, काही ठिकाणी देऊन टाकतात. दादांना दिला. त्यांनी तो बैलांच्या झुलीसारखा जपून ठेवला.

गेल्या वर्षी पोळा झाला आणि डाव्या गालात आतून काहीतरी टोचतंय म्हणाले. जुन्या टाक्यांच्या थोडं मागं. मानेत बोरापेक्षा मोठी गाठ. तुकडा तपासला आणि जे वाटत होतं तेच निघालं. मी सेलूला पोचलो तेव्हा दादा ओसरीत बसले होते, साचा मांडीवर घेऊन.

"परत सेक द्यायचा म्हन्तीन तर हाच साचा चालन काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, साचा नाही चालणार, पण मागच्या वेळचे कागद लागतील. सगळे. त्यावर वहिनी आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. कपाट, ट्रंक, देवाच्या मागची फडताळं, सगळं झालं. फाइल नव्हती. दोन पावसाळ्यांपूर्वी कौलं गळली तेव्हा ओली झाली होती, वाळत घातली होती, पुढं कुठं गेली कोणाला आठवेना. साचा मात्र होता.

सेलू हे वर्धा आणि नागपूर यांच्या मधलं तालुक्याचं गाव. एके काळी इथल्या केळीच्या बागांचं नाव होतं, आता कापूस, सोयाबीन, तूर. वरच्या अंगाला बोर धरण आणि वाघांचं जंगल, नागपूरच्या वाटेवर केळझरचा गणपती, वर्ध्याच्या वाटेवर पवनारला धाम नदीचा पूल. जिल्हा दारूबंदीचा. पण बसस्टँडवर उतरलं की पहिल्या दहा पावलांत खर्रा मिळतो. विदर्भाबाहेरच्या वाचकाला खर्रा सांगावा लागेल: कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा आणि पाटीवर हाताच्या तळव्यानं घोटत राहायचं, सगळं एकजीव होईपर्यंत. पन्नी गरम होते, चुना सुपारीत उतरतो, मग ती पुडी गालात. गालात म्हणजे एकाच गालात. माणूस उजव्या हातानं जेवतो तसा तो एका ठरलेल्या गालात खर्रा ठेवतो, वीस-वीस वर्षं. दादांचा डावा.

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. त्यानंतर चार-पाच वर्षांनी, २०१६-१७ मध्ये झालेल्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरताना आढळले, धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आत होते. म्हणजे आपलं व्यसन चघळण्याचं आहे, आणि रोगही त्याच जागी उगवतो. देशात २०२२ साली ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण असावेत असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. भारतीय पुरुषांत हा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्येच सांगून टाकलं आहे. 'मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो' असं अभिमानानं सांगणारे माझ्या ओळखीत डझनभर तरी असतील.

पण हा लेख व्यसनमुक्तीवर नाही. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे, आणि खर्रा घोटणाऱ्यानं ते वाचून घोटणं थांबवलं असं मी पाहिलेलं नाही. गडचिरोलीत 'सर्च'नं २०१६ पासून 'मुक्तिपथ'च्या रूपानं गावोगाव जे चालवलं आहे तशा चिवट कामानंच झालं तर काही होईल. मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या गोष्टीबद्दल. ऑपरेशन झालं, सेक झाला, माणूस बरा झाला, शेतात जायला लागला, आणि रोग परत आला. तेव्हा गावातला प्रत्येक जण एकच विचारतो: परत सेक देता येतो का? एक जण छातीठोकपणे सांगतो, 'एकदा सेक झाला का दुसऱ्यांदा देतच नाहीत.' दुसरा सांगतो, 'मुंबईले नवी मशीन आली, तिथं सगळं होते.' दोघंही अर्धवट बरोबर आहेत.

आधी सेक म्हणजे काय ते. शब्द आपण चुलीवरून आणला आहे, पण यात शेकण्यासारखं काही नाही. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक ग्रे म्हणजे एक किलो शरीरात एक ज्यूल ऊर्जा. तोंडाच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर साधारण ६० ग्रे देतात, रोज २ प्रमाणे ३० दिवस, शनिवार-रविवार सोडून सहा आठवडे. ऑपरेशन न करता नुसत्या किरणांवर भागवायचं असेल तर ७० च्या आसपास. आता गंमत पाहा: या अख्ख्या ७० ग्रेंनी शरीराचं तापमान वाढायचं म्हटलं तर एका अंशाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकंही वाढणार नाही. घोटभर चहानं त्याहून जास्त ऊब येते. तरी त्वचा काळी पडते, तोंड सोलवटतं, लाळ आटते. कारण काम उष्णतेचं नाहीच. किरण पेशीच्या गाभ्यातला धागा तोडतात. कॅन्सरच्या पेशीला तो धड जोडता येत नाही. चांगल्या पेशीला येतो, दुसऱ्या दिवशीपर्यंत बराचसा. म्हणून रोज थोडं थोडं.

बराचसा म्हणालो. पूर्ण नाही. जे राहतं ते शरीरात जमा होत जातं. बारीक रक्तवाहिन्या जाड होतात, कातडीखालचं मांस चामड्यासारखं होतं, जबड्याच्या हाडाला रक्त कमी मिळतं. म्हणूनच सेकाआधी किडके दात काढून टाकायला सांगतात. नंतर काढले तर जखम भरत नाही आणि हाड आतून मरू लागतं. हे सगळं बाहेरून दिसत नाही. चार वर्षांनी दादा शेतात कुदळ चालवत होते, वजन वाढलं होतं, भाकर मात्र वरणात बुडवूनच खायचे. त्यांचं शरीर बरं झालं होतं, पण त्यातलं खातं मिटलेलं नव्हतं.

दुसरा सेक म्हणजे याच खात्यावर आणखी उचल. डॉक्टर पहिल्यांदा पाहतात ते हे की आधीची उचल किती आणि कुठल्या पानावर. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला साधारण ४५ ते ५० ग्रेंपलीकडे जाऊ देत नाहीत. तो बिघडला तर हातपाय जातात. मग मज्जारज्जू काही काळानं मागचं विसरतो का? अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात के. किआन अँग आणि सहकाऱ्यांनी माकडांवर हे तपासलं आणि २००१ मध्ये छापलं: विसरतो, एक वर्षात बराच, तीन वर्षांत आणखी. म्हणून दोन सेकांमधला काळ हा पहिला प्रश्न असतो. सहा महिन्यांत परत आलेला रोग आणि चार वर्षांनी परत आलेला रोग यांचं नाव एक असलं तरी जात वेगळी. जो सहा महिन्यांत आला त्यानं पहिल्या किरणांना दादच दिलेली नाही, त्याला तेच औषध परत पाजून काय उपयोग?

दुसरा प्रश्न गळ्यातल्या धोरी नसेचा. मानेत परत किरण गेले की या नसेची भिंत फाटण्याचा धोका असतो. त्या वेळी रक्त थांबवायला मिनिटंच हातात असतात. २०१२ मध्ये दुसऱ्यांदा सेक घेतलेल्या १,५५४ रुग्णांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या, त्यात ४१ जणांना हे झालं होतं. म्हणजे शंभरात अडीच-तीन. पण ज्यांना झालं त्यांतले चारांतले तीन गेले. हा आकडा डॉक्टरांनी सहीच्या कागदाआधी सांगायला हवा. आम्हाला सांगितला गेला. ऐकून दादांनी फक्त मानेवर हात फिरवला.

फाइल हरवली होती तिचं काय झालं ते सांगतो. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथं आमच्याशी सगळे चांगलंच वागले आणि चूक आमच्या कौलांची होती. नोंदणीच्या खिडकीवर जुना क्रमांक मागितला, तो नव्हता. मग वहिनींना आठवलं की सरकारी योजनेच्या कार्डाची झेरॉक्स काढली होती आणि तिच्या मागं पेनानं एक आकडा होता. त्यावरून नाव सापडलं. तळघरात भौतिकशास्त्रज्ञांची खोली असते. हो, कॅन्सरच्या दवाखान्यात भौतिकशास्त्रज्ञ नेमलेले असतात, कुठल्या कोनातून किती किरण जातील याचं गणित तेच मांडतात. तिथल्या तरुण मुलीनं जुन्या साठवणीतून चार वर्षांपूर्वीचा आराखडा बाहेर काढला. पडद्यावर दादांचा जबडा उभा राहिला, त्यावर नकाशावर उंची दाखवतात तसे रंगांचे पट्टे: लाल म्हणजे साठ ग्रे, मग पिवळा, हिरवा, निळा. तिनं नवं सीटी स्कॅन त्यावर ठेवलं आणि हळूहळू सरकवून बसवलं. नवी गाठ लाल पट्ट्याच्या कडेवर होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. मज्जारज्जू निळ्यात.

"हे नसतं सापडलं तर?" मी विचारलं.

"तर सर धरून चालले असते की सगळीकडे साठ गेलेत," ती म्हणाली. "मग हात आखडता घ्यावा लागतो."

मी गेली पंचवीस वर्षं लिहितोय, पण कागद जपण्याचं इतकं रोखठोक कारण मला कोणी दिलं नव्हतं. गावाकडं सातबारा, फेरफार, बँकेचं पासबुक प्लास्टिकमध्ये घालून ट्रंकेत ठेवतात. दवाखान्याची फाइल बरं वाटलं की अपशकुनी वाटायला लागते. सेक संपल्यावर मिळणारा एक पानी गोषवारा (किती ग्रे, किती दिवस, कुठल्या तारखा, कुठल्या भागाला), तुकड्याचा अहवाल, आणि मागितली तर मिळणारी आराखड्याची सीडी. एवढं तीन वस्तूंचं पाकीट जवळ असलं की महाराष्ट्रातला कुठलाही रेडिएशनचा डॉक्टर पहिल्या भेटीतच पुढचं बोलू शकतो.

आता पर्यायांबद्दल. परत आलेल्या तोंडाच्या कॅन्सरला पहिला पर्याय सेक नाहीच, ऑपरेशन आहे, जमत असेल तर. आणि जमेल की नाही हे सर्जननं ठरवायचं, पेशंटच्या भाच्यानं नाही. मोठं ऑपरेशन: गाल, जबड्याचा तुकडा, मानेतल्या गाठी. पोकळी भरायला छातीचं मांस वळवून आणतात किंवा पायाच्या नळीचं हाड जबड्याला लावतात. ऑपरेशननंतर परत किरण द्यायचे का, यावर फ्रान्समध्ये १३० रुग्णांवर नीट तुलना झाली आणि २००८ मध्ये निकाल आले. किरण दिलेल्यांत रोग जास्त काळ आटोक्यात राहिला. एकूण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. आणि दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम किरणवाल्यांत ३९ टक्के, दुसऱ्या गटात १०. हे वाचून कोणी 'मग कशाला?' म्हणेल. पण रोग परत तोंडात उगवणं म्हणजे काय हे ज्यानं घरात पाहिलं आहे, वास, रक्त, गिळता न येणं, त्याला 'आटोक्यात राहिला' हे शब्द छोटे वाटत नाहीत.

ऑपरेशन शक्य नसेल तर नुसते किरण. १९९० च्या दशकात अमेरिकेत हा प्रयोग केमोच्या जोडीनं दिवसातून दोनदा किरण देऊन झाला. दोन वर्षांनी शंभरातले पंधरा जिवंत होते. त्यानंतरच्या दुसऱ्या प्रयोगात पंचवीसच्या आसपास. दोन्हींत शंभरातले सात-आठ जण उपचारानंच गेले. पुढं मशीन सुधारली. किरणांचा झोत गाठीच्या आकारात कोरता येऊ लागला. मग २०१८ मध्ये तिथल्याच अनेक रुग्णालयांनी मिळून ४१२ रुग्णांचा हिशेब मांडला आणि त्यातून एक साधी चाळणी निघाली, जी मला या सगळ्या विषयातली सगळ्यांत कामाची गोष्ट वाटते. पहिल्या सेकाला दोन वर्षं होऊन गेलीत आणि गाठ ऑपरेशननं काढता आली, असे रुग्ण: दोन वर्षांनी ६२ टक्के जिवंत. दोन वर्षं झालीत पण गाठ निघाली नाही, किंवा दोन वर्षं झाली नाहीत पण माणूस स्वतः गिळतो, स्वतः श्वास घेतो, नळी नाही: ४० टक्के. आणि दोन वर्षांच्या आत परत आलेला रोग, वर पोटात किंवा गळ्यात नळी: १७. मशीन सगळ्यांना सारखीच होती.

म्हणून 'मुंबईले नवी मशीन आली' हे ऐकलं की मी गप्प बसतो. आली आहे, हे खरं. खारघरला टाटा स्मारकच्या ॲक्ट्रेक केंद्रात २०२३ पासून प्रोटॉनचे उपचार सुरू झाले. त्याआधी २०१९ मध्ये चेन्नईत देशातलं पहिलं केंद्र उघडलं होतं. प्रोटॉनचा गुण असा की तो ठरलेल्या खोलीवर जाऊन थांबतो, गाठीच्या पलीकडं जवळपास काही जात नाही. आधी भाजलेल्या जागेत हे मोलाचं आहे. पण ज्याच्या गाठीनं धोरी नसेला वेढा घातला आहे त्याला प्रोटॉन असो की जुनं कोबाल्टचं मशीन, नस तिथंच असते. तीच गोष्ट पाच-सहा दिवसांत मोठ्या मात्रांनी उरकणाऱ्या 'स्टिरिओटॅक्टिक' पद्धतीची: लहान गाठीला उत्तम, चाळीस-चव्वेचाळीस ग्रे पाच भागांत, प्रवास वाचतो, पण नसेशी खेळ मोठा.

एक जुनी पद्धत मात्र आपल्याकडे उगाच मागं पडली, असं माझं मत. गाठीच्या आतूनच किरण देणं. भूल देऊन गालातून किंवा जिभेतून पोकळ बारीक नळ्या ओवतात, सुईनं गोधडी टाकावी तशा, एकेक सेंटिमीटरवर. मग मशीनमधून इरिडियमचा तांदळाच्या दाण्याहून लहान कण त्या नळ्यांत एकेक करून फिरतो, ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबतो आणि परत आपल्या जाड कवचाच्या घरात जातो. किरण दोन-चार मिलिमीटरच्या पलीकडं झपाट्यानं उतरतात, जुन्या भाजलेल्या भागाला झळ कमी. लहान गाठ असेल, हाडाला चिकटलेली नसेल तर दुसऱ्या सेकासाठी याहून नेमकं हत्यार नाही. पण नळ्या ओवणारा हात सरावाचा लागतो, आणि तो सराव आता मशीनपुढं बसण्यात जातोय. इरिडियमची ताकद ७४ दिवसांत अर्धी होते, कण बदलत राहावे लागतात, तोही एक खर्च.

या रोगाची नुसती आजचीच गोष्ट नाही. सिग्मंड फ्रॉइड रोज वीसेक सिगार ओढायचा. १९२३ मध्ये त्याच्या टाळूत गाठ निघाली, व्हिएन्नात जबड्याचा वरचा भाग काढला, मग क्ष-किरण दिले. त्यानंतर सोळा वर्षांत तीसवर ऑपरेशनं. १९३९ मध्ये लंडनमध्ये सर्जननी हात टेकले तेव्हा पॅरिसच्या क्युरी संस्थेतले लाकासान्य येऊन तपासून गेले आणि परत किरण देण्यात आले, रेडियमसुद्धा. म्हणजे दुसरा सेकच. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तो गेला. तेव्हा पहिल्या सेकाचा रंगीत नकाशा नव्हता, ग्रे हे एककही नव्हतं. व्हिएन्नात ज्या होल्झक्नेश्टकडं त्याचे किरणोपचार झाले तो स्वतः किरणांनीच झालेल्या कॅन्सरनं १९३१ मध्ये वारला होता.

आपल्याकडची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. शरद पवारांना २००४ च्या निवडणुकीच्या धामधुमीत तोंडाचा कॅन्सर निघाला, ते त्यातून उभे राहिले आणि सुपारी-गुटख्याबद्दल जाहीर बोलत राहिले. आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ ला गेले. पारावर दोन्ही उदाहरणं एका दमात निघतात आणि निष्कर्ष काढला जातो, 'नशीब.' नशिबाचा वाटा आहेच. पण कितव्या महिन्यात तोंड उघडून दाखवलं याचाही आहे. टाटा रुग्णालयात अनिल डिक्रुझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की लवकरच्या टप्प्यात, मानेत गाठ लागत नसतानाही, पहिल्याच ऑपरेशनला मानेतल्या गाठी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत असतात. वाट पाहून नंतर काढल्या तर ६७.५. म्हणजे दुसऱ्या सेकाची वेळ येऊ न देण्याचं बरंचसं काम पहिल्याच ऑपरेशनच्या टेबलावर होतं.

सेलूच्या माणसाला हे सगळं मिळतं कुठं? लांब जावं लागत नाही, हे या भागाचं भाग्य. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आणि सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये काढलेलं वैद्यकीय महाविद्यालय; जिल्ह्यातल्या कॅन्सरची नोंदवहीही तिथंच ठेवली जाते. सावंगीला मोठं रुग्णालय. नागपूरच्या वाटेवर जामठ्याला राष्ट्रीय कॅन्सर संस्था, नागपूर शहरात मेडिकल कॉलेज, आणि राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय. तुकडोजी महाराज स्वतः कॅन्सरनं १९६८ मध्ये गेले. मुंबईला जायची वेळ आलीच तर वर्ध्याहून सेवाग्राम एक्स्प्रेस, आणि दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा. व्यसनाविरुद्ध गावोगाव कंठशोष केलेले आमचे हे दोन विदर्भातले संत शेवटी कॅन्सरच्या पेशंटच्या निवाऱ्याला आणि इलाजाला नाव देऊन राहिले. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना शयनयान आणि थ्री एसीचं तिकीट माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत. खिडकीवर डॉक्टरांचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. परत कागद. उपचाराचा खर्च पुष्कळांचा महात्मा फुले योजनेतून निघतो. सहा आठवडे रोजची जा-ये, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, यांचा कुठल्या योजनेत रकाना नाही.

दवाखान्याच्या बाकड्यावर आमच्या शेजारी एक बापलेक असायचे, आर्वीकडचे. बापाच्या नाकात नळी, पहिला सेक होऊन आठ महिने. मंडळात (सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले एकत्र बसून ठरवतात ती बैठक) त्यांना दुसरा सेक नाही म्हणून सांगितलं. मुलगा बाहेर येऊन भिंतीला टेकला. "हात झटकले जी यांनी," तो म्हणाला. "पैसे लागतीन तर वावर विकतो म्हनलं, तरी नाही म्हन्ते."

मला त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. पण हात झटकले नव्हते. त्याच्या बापाला आठवड्याला मेथोट्रेक्सेट, रोजच्या दोन गोळ्या आणि तीन आठवड्यांनी निवोलुमॅब नावाचं इंजेक्शन लावून दिलं होतं, तेही नेहमीपेक्षा फार कमी मात्रेचं. हा उपाय टाटाच्याच विजय पाटील, कुमार प्रभाष आदींनी काढलेला. रोग परत आलेल्या, बरं होण्याची आशा नसलेल्या १५१ रुग्णांवर तो पाहिला गेला. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानं १६ टक्के जिवंत होते, इंजेक्शन जोडल्यावर ४३. नेहमीची मात्रा सहा आठवड्यांत ७२० मिलिग्रॅम होते, यांची ४०. वावर विकून घेतलेल्या तिसऱ्या दर्जाच्या सेकापेक्षा हे त्या माणसाला जास्त देणारं होतं. शिवाय दुखणं कमी करायला लागलंच तर दोन दिवसांत चार मात्रांचा सेकही देता येतो, महिन्यानं परत. तो बरं करण्यासाठी नसतो. रक्त थांबतं, दुखणं उतरतं, झोप लागते. आणि मॉर्फिन. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात बदल होऊन ते रुग्णालयांना मिळणं सोपं झालं, तरी घरचे 'त्याची सवय लागेल' म्हणून गोळी अर्धी करून देतात. नळी लावलेल्या माणसाला सवयीची भीती!

नाही म्हणणारा डॉक्टर मला हो म्हणणाऱ्याइतकाच, कधी जास्त, विश्वासाचा वाटू लागला आहे. तो बाहेर कुणाला पटत नाही. बापलेक तिथून उठले ते झाडपाल्याच्या औषधाकडं जाणार होते, एवढं मला बोलण्यावरून कळलं. पुढचं माहीत नाही.

दादा चाळणीच्या वरच्या खणात बसले. चार वर्षं उलटलेली, नळी नाही, गाठ निघण्यासारखी. ऑपरेशन झालं. अहवालात मानेतल्या एका गाठीचं कवच फोडून रोग बाहेर आला होता, म्हणून मंडळानं दुसरा सेक सुचवला, तीस दिवसांचा, मान आणि गालाचा फक्त गरजेपुरता भाग. धोके सांगितले: हाड, धोरी नस, गिळणं. दादा काहीच विचारेनात. वहिनींनी विचारलं, "भाकर खाऊ शकतीन काय?"

"भाकर कदाचित नाही," डॉक्टर म्हणाले. "मऊ भात, वरण, आंबील, हो."

"मंग होऊ द्या," वहिनी म्हणाल्या, आणि दादांकडं न बघता अंगठ्याजवळ पेन पकडून सही केली. सीतादहीची पूजा होऊन कापूस वेचणीला आला होता. घरी मजूर थांबलेले होते.

नवा साचा करताना मी आत होतो. गरम पाण्याच्या उथळ टाकीत पांढरी पाटी बुडवली, दोन-तीन मिनिटांत ती पापडासारखी लवचीक झाली, दोघांनी चार कोपरे धरून उचलली, पाणी झटकलं आणि दादांच्या चेहऱ्यावर ओढली. नाकावर बोटांनी दाबली, हनुवटीखाली, ऑपरेशनच्या खळग्यात. "हलू नका दादा, श्वास घ्या, आवंढा गिळू नका." पाटी थंड होत गेली तशी कडक झाली. जाळीतून दादांच्या पापण्या हलताना दिसत होत्या. मग टेबलाला खटके लागले, साच्यावर चिकटपट्टी, पट्टीवर पेनानं फुल्या. त्या रात्री घरी आल्यावर त्यांनी खिळ्यावरचा जुना साचा काढून तोंडाला लावून पाहिला. उजवीकडं नीट बसला. डावीकडं गालाच्या जागी मूठभर पोकळी राहिली. पोरं हसली नाहीत.

तीस दिवस झाले. मध्ये तोंड आलं, चार दिवस सुट्टी पडली, वजन सात किलो उतरलं, वहिनींनी मिक्सरमध्ये मुगाचं वरण, सातूचं पीठ, केळं, काय काय फिरवलं. तिसाव्या दिवशी मशीनवरच्या मुलानं साचा खटक्यांतून सोडवला आणि विचारलं, "काका, नेता का घरी? मागच्या वेळी नेला होता म्हणे."

दादांना बोलायला त्रास होत होता. तोंडावरचा दुपट्टा बाजूला केला.

"साचा राहू द्या जी तुमच्यापाशी," ते म्हणाले. "कागदं द्या."

कागद मिळायला दुपारचे पावणेतीन झाले, सीडीसाठी अर्ज वेगळा होता. साडेतीनच्या बसला खिडकीची जागा मिळाली.